चिठ्ठीवरची औषधे, रेल्वेच्या भिंतीवर

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जे औषध विकता येत नाही, त्याची जाहिरात बसच्या पाठीवर आणि रेल्वेच्या डब्यात का असावी, हा प्रश्न अमेरिकेत पुन्हा ऐरणीवर आला आहे. तेथील वाद प्रामुख्याने दूरचित्रवाणीभोवती फिरत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने सर्वांत सोपी बंदी सार्वजनिक वाहतुकीतलीच आहे. ती बंदी नेमकी कशावर घालायची, हे ठरवणे मात्र वाटते तितके सोपे नाही.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांत २०१८च्या सुमारास निवडुंगाच्या जाहिराती झळकू लागल्या. कुंडीतला मान टाकलेला निवडुंग पाहून प्रवाशांना अर्थ सांगावा लागत नव्हता. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरील औषध, दवाखान्याची पायरी न चढता, संगणकावर प्रश्नावली भरून घरपोच मिळवून देणाऱ्या 'हिम्स' या कंपनीची ती जाहिरात होती. 'रोमन' ही तिची प्रतिस्पर्धी कंपनीही त्याच डब्यांत जागा विकत घेत होती. दोघीही जे औषध विकत होत्या, ते अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देता येत नाही.

या जाहिरातींवर प्रवाशांनी नाके मुरडली असतीलही. पण त्यांचा प्रश्न न्यायालयात गेला तो एका वेगळ्याच वाटेने. 'डेम' या महिलांनी चालवलेल्या कंपनीने स्त्रियांसाठीच्या लैंगिक साधनांची जाहिरात याच रेल्वेत लावू देण्याची मागणी केली. मेट्रोपॉलिटन ट्रान्सपोर्टेशन ऑथॉरिटीने, म्हणजे एमटीएने, ती फेटाळली. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरील औषध चालते आणि स्त्रियांसाठीचे साधन चालत नाही, हा भेदभाव असल्याचा दावा करत कंपनीने २०१९ मध्ये फिर्याद दाखल केली. २०२१ मध्ये तडजोड झाली. एमटीएची बाजू अशी होती, की औषधाला सरकारी मान्यता आहे, तो आरोग्याचा विषय आहे. साधनाचे तसे नाही. म्हणजे 'सरकारमान्य औषध' हे शब्द डब्यात शिरण्याचा परवाना ठरले. वस्तुतः ज्या मान्यतेचा हा आधार घेतला गेला, त्याच मान्यतेची अट अशी आहे की हे औषध ग्राहकाने स्वतःच्या मर्जीने निवडू नये. या विसंगतीकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी औषधांच्या जाहिरातींवरील नियम कडक करण्याचा आदेश काढला. पाठोपाठ तेथील अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कंपन्यांना हजारो पत्रे पाठवल्याचे जाहीर केले. त्याआधी जून २०२५ मध्ये बर्नी सँडर्स आणि अँगस किंग या दोन सेनेटरांनी अशा जाहिरातींवर सरसकट बंदी घालणारे विधेयक मांडले होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने तर २०१५ मध्येच बंदीची मागणी केली आहे. राजकारणात एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे या एका प्रश्नावर जवळजवळ एका सुरात बोलत आहेत, हे विशेष. तथापि या साऱ्या चर्चेत रेल्वे आणि बस कुठेच नाही.

जगात दोनच देश

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची थेट जनतेला उद्देशून जाहिरात करण्याची मुभा असलेले प्रगत देश दोनच आहेत : अमेरिका आणि न्यूझीलंड. युरोपीय संघाने २००१च्या निर्देशानुसार ती मना केली आहे. ब्रिटनमध्येही ती बेकायदा आहे. अमेरिकेतही ही प्रथा फार जुनी नाही. १९६२च्या कायद्याने औषधांच्या जाहिरातींचे नियंत्रण एफडीएकडे आले, तेव्हा जाहिराती फक्त डॉक्टरांच्या नियतकालिकांत येत. सामान्य वाचकासाठीची पहिली मोठी जाहिरात १९८१ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये आली. ती 'मर्क' कंपनीच्या न्यूमोनियाप्रतिबंधक लशीची होती. पुढे दोन वर्षांनी एफडीएने कंपन्यांना स्वेच्छेने थांबण्यास सांगितले आणि १९८५ मध्ये ही विनंती मागे घेतली.

खरा बांध फुटला तो ऑगस्ट १९९७ मध्ये. तोपर्यंत औषधाचे नाव आणि त्याचा उपयोग सांगायचा, तर त्याच्या सर्व दुष्परिणामांचा तपशीलही द्यावा लागे. तीस सेकंदांच्या जाहिरातीत ते शक्य नव्हते. एफडीएने सांगितले, की प्रमुख धोके सांगा आणि उरलेला तपशील कुठे मिळेल त्याचा दूरध्वनी क्रमांक, संकेतस्थळ द्या, तेवढे पुरे. ही सवलत रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी होती. छापील जाहिरातीला ती नव्हती आणि नाही. रेल्वेतील जाहिरातींचा पुढचा सगळा गुंता या एका फरकातून सुरू होतो. त्याकडे वळण्यापूर्वी पैशाचा अंदाज घ्यायला हवा. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चिठ्ठीवरच्या औषधांच्या थेट जाहिरातींवरील वार्षिक खर्च १९९७ मध्ये १.३ अब्ज डॉलर होता; २०१६ मध्ये तो सहा अब्ज डॉलरवर गेला.

या खर्चाने काय साधते, याचे सर्वांत कटू उदाहरण म्हणजे 'व्हायॉक्स'. मर्कने १९९९ मध्ये बाजारात आणलेल्या या वेदनाशामक गोळीच्या जाहिरातीवर कंपनीने २००० या एका वर्षात सुमारे १६ कोटी डॉलर ओतले. त्याच वर्षी पेप्सीवर झालेला जाहिरातखर्च त्याहून कमी होता. सांधेदुखीच्या ज्या रुग्णांना साध्या, स्वस्त गोळीने भागले असते, त्यांनीही डॉक्टरांकडे नाव घेऊन हीच गोळी मागितली. हृदयविकाराचा धोका वाढत असल्याचे स्पष्ट झाल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये ती बाजारातून मागे घेण्यात आली. कंपनीने २००७ मध्ये ४.८५ अब्ज डॉलर देऊन दावे मिटवले.

मागणारा रुग्ण

जाहिरातीचे समर्थक म्हणतात, की शेवटी चिठ्ठी डॉक्टरच लिहितो. रुग्णाने नाव घेतले म्हणून काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक प्रयोग २००५ मध्ये 'जामा'मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो मुळातून समजून घेण्याजोगा आहे. रुग्णाची भूमिका वठवण्याचे शिक्षण दिलेल्या स्त्रियांना तीन शहरांतील १५२ डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. एकूण २९८ भेटी झाल्या. काही जणींनी गंभीर नैराश्याची लक्षणे सांगितली, तर काहींनी परिस्थितीच्या ताणातून आलेल्या, बहुधा औषधाविना निवळणाऱ्या अस्वस्थतेची. प्रत्येक गटात काहींनी टीव्हीवरील जाहिरातीचा हवाला देऊन 'पॅक्सिल' या औषधाचे नाव घेतले, काहींनी नाव न घेता औषध हवे असे म्हटले, आणि काहींनी काहीच मागितले नाही.

ज्यांना औषधाची तितकीशी गरज नव्हती त्या गटात, काहीच न मागणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांना नैराश्यावरील औषध लिहून दिले गेले. पॅक्सिलचे नाव घेणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना. डॉक्टर हा अखेरचा पहारेकरी आहे, या युक्तिवादाला हा आकडा पुरेसा आहे. पण प्रयोगाची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. खरोखरीच्या नैराश्याच्या गटात काही न मागणाऱ्यांपैकी अवघ्या ३१ टक्क्यांना औषध मिळाले. नाव घेणाऱ्यांना ५३ टक्के वेळा, आणि नाव न घेता केवळ उपचार मागणाऱ्यांना ७६ टक्के वेळा. म्हणजे आजाराविषयी तोंड उघडल्याने खऱ्या रुग्णाचा फायदा झाला. औषधाच्या नावाने त्यात भर पडली नाही, उलट गरज नसलेल्यांना औषध मिळण्याचे प्रमाण मात्र नावाने वाढवले. या विषयावर मतप्रदर्शन करणाऱ्या दोन्ही पक्षांनी या प्रयोगातला आपल्याला हवा तेवढाच अर्धा भाग उचलला आहे.

न्यायालयात काय टिकेल

अमेरिकेत जाहिरातीवर सरसकट बंदी घालणे का अवघड आहे, याचे कारण औषधांच्याच एका खटल्यात आहे. चिठ्ठीवरच्या औषधांच्या किमतींची जाहिरात करण्यास औषधविक्रेत्यांना व्हर्जिनिया राज्याने मनाई केली होती. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. किमती लपवल्या तर सर्वाधिक नुकसान गरीब, आजारी आणि वृद्ध माणसांचे होते, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, हे तत्त्व अमेरिकेत या निकालाने रुजले. गंमत अशी, की आजच्या औषधांच्या जाहिरातींत सारे काही असते, किंमत तेवढी नसते. दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत औषधाची किंमत सांगण्याची सक्ती सरकारने २०१९ मध्ये केली, तेव्हा औषध कंपन्याच न्यायालयात गेल्या आणि असा नियम करण्याचा अधिकार संबंधित खात्याला नाही, असा निकाल त्यांनी मिळवला. गरिबाला किंमत कळावी म्हणून जन्मलेले तत्त्व कुठल्या कुठे येऊन पोहोचले, याचा हा नमुना.

सार्वजनिक वाहतुकीचे मात्र निराळे आहे. वॉशिंग्टनच्या ट्रामगाड्यांत रेडिओवरचे संगीत आणि जाहिराती ऐकवल्या जात. त्याविरुद्ध प्रवाशांनी केलेला दावा १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला; पण न्या. विल्यम डग्लस यांनी भिन्न मत नोंदवले. घरातला रेडिओ बंद करता येतो, ट्राममधला नाही. कामावर जाण्यासाठी जिला पर्याय नाही ती गाडी म्हणजे एक सक्तीचा श्रोतृवर्ग आहे, असा त्यांचा मुद्दा होता. न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर तर या खटल्यातून बाजूलाच झाले. कारण त्यांनी प्रांजळपणे सांगितले : या प्रकाराचे आपण स्वतः बळी आहोत आणि त्याविषयीच्या आपल्या भावना फार तीव्र आहेत.

डग्लस यांचा तो विचार १९७४ मध्ये, ओहायोतील शेकर हाइट्स शहराच्या खटल्यात, बहुमताच्या बाजूला आला. शहराच्या गाड्यांत व्यापारी जाहिराती घेत, निवडणुकीच्या घेत नसत. एका उमेदवाराने त्याला आव्हान दिले. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. गाडीतली जाहिरातीची जागा म्हणजे चव्हाटा नव्हे. वाजवी कारण असेल आणि एखाद्या मताचा द्वेष नसेल, तर वाहतूक संस्था जाहिरातींचे प्रकार ठरवू शकते, असा कायदा त्यातून स्थिरावला. त्याच्या जोरावर एमटीएने १९९०च्या दशकात तंबाखूच्या, २०१५ मध्ये राजकीय आणि २०१८च्या आरंभापासून मद्याच्या जाहिराती बंद केल्या.

तेव्हा चिठ्ठीवरच्या औषधांच्या जाहिराती बंद करण्यासाठी एमटीएला वॉशिंग्टनकडे पाहण्याची गरज नाही. संचालक मंडळाचा एक ठराव पुरे. त्यासाठीचे कारणही तंबाखू किंवा मद्यापेक्षा अधिक सरळ आहे. मद्य प्रौढ माणूस स्वतः विकत घेऊ शकतो. चिठ्ठीवरचे औषध त्याला स्वतःहून घेता येत नाही, असे सरकारनेच ठरवले आहे. ज्या वस्तूच्या निवडीचा अधिकार ग्राहकाला दिलेला नाही, ती निवडण्याचा आग्रह सरकारी मालकीच्याच डब्यात त्याला रोज दोन वेळा करायचा, यात सुसंगती शोधणे कठीण आहे.

नाव नसलेली जाहिरात

अडचण पुढेच आहे. छापील जाहिरातीला १९९७ची सवलत नसल्याने, औषध कंपनीला नाव आणि उपयोग दोन्ही सांगायचे असतील तर बारीक अक्षरांतला धोक्यांचा मजकूर सोबत द्यावा लागतो. मासिकात त्यासाठी दुसरे पान घेता येते. धावत्या बसच्या पाठीवर ते कुठे मावणार? म्हणून कंपन्या दोन पळवाटा वापरतात. एक म्हणजे फक्त नाव सांगायचे, औषध कशासाठी आहे ते सांगायचे नाही. दुसरी म्हणजे फक्त आजार सांगायचा, औषधाचे नाव घ्यायचे नाही आणि 'डॉक्टरांशी बोला' म्हणायचे. दुसऱ्या प्रकाराला एफडीएच्या दृष्टीने औषधाची जाहिरात समजलेच जात नाही.

तिसरी वाट तुलनेने नवी आणि सर्वांत रुंद आहे. अमेरिकी कायद्यातील संबंधित कलम औषधाचा उत्पादक, वेष्टक आणि वितरक यांना बांधते. हिम्स किंवा रोमनसारखी कंपनी स्वतःला यांपैकी काहीच म्हणवत नाही. ती रुग्ण, डॉक्टर आणि औषधालय यांची गाठ घालून देते. परिणामी, मूळ उत्पादकाला जे रेल्वेच्या भिंतीवर लिहिता येत नाही, ते मध्यस्थाला बिनदिक्कत लिहिता आले. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांच्या लाटेत हा प्रकार शिगेला पोहोचला. सेमाग्लुटाइड या औषधाच्या टंचाईच्या काळात त्याची औषधालयात तयार केलेली स्वस्त आवृत्ती विकण्यास मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये टंचाई संपल्याचे एफडीएने जाहीर केले. त्याच महिन्यात देशातील सर्वांत महागड्या क्रीडा प्रक्षेपणात, सुपर बोलमध्ये, हिम्सची वजन घटवण्याची जाहिरात झळकली आणि तीत धोक्यांचा पुरेसा उल्लेख नसल्याची टीका झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये एफडीएने या मध्यस्थ कंपनीलाही इशारा दिला. म्हणजे तिसरी वाट बुजवायला सुरुवात झाली आहे. मात्र ती डब्यातून नव्हे.

लंडनचा अनुभव याच ठिकाणी उपयोगी पडतो. तेथे चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात मुळातच गुन्हा आहे. तरीही वजन घटवण्याच्या इंजेक्शनांची विक्री करणाऱ्या ऑनलाइन औषधालयांनी 'वजन कमी करण्याविषयी सल्ला' या नावाखाली जाहिराती चालवल्या. औषधाचे नाव कुठेच नाही, पण सुईचे चित्र आहे, किंवा त्या वर्गातल्या औषधांचे सामान्य नाव आहे, अशा जाहिराती ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने जुलै २०२५ मध्ये बंद करायला लावल्या. त्यामागचा निकष महत्त्वाचा आहे : वाचणाऱ्याच्या मनात औषध उभे राहते का, हे पाहायचे, कागदावर नाव आहे की नाही, हे नव्हे.

बंदीमुळे वाहतूक संस्थेचे उत्पन्न बुडते, या आक्षेपालाही लंडनकडेच उत्तर आहे. तेथील वाहतूक संस्थेने फेब्रुवारी २०१९ पासून आपल्या संपूर्ण जाळ्यात चरबी, साखर आणि मिठाचे प्रमाण जास्त असलेल्या खाद्यपदार्थांच्या जाहिराती बंद केल्या. लाखो पौंडांचा फटका बसेल, असा इशारा जाहिरात उद्योगाने दिला होता. पहिल्या वर्षात जाहिरातींचे उत्पन्न घटले नाही, वाढले. कंपन्यांनी जागा सोडली नाही. त्याच जागेत दुसरे पदार्थ मांडले. एका संशोधनानुसार, बंदी नसती तर जे घडले असते त्याच्या तुलनेत, लंडनच्या घरांत अशा पदार्थांतून येणारी ऊर्जा दर आठवड्याला सरासरी एक हजार कॅलरींनी, म्हणजे ६.७ टक्क्यांनी, कमी झाली. डब्याच्या भिंतीवरचे चित्र घरातल्या पिशवीपर्यंत पोहोचते, याचा यापेक्षा ठोस पुरावा क्वचितच मिळेल.

मात्र औषधांच्या बाबतीत सरसकट कात्री चालवता येणार नाही. एचआयव्हीचा संसर्ग होण्याआधीच घ्यायच्या प्रतिबंधक गोळीचा प्रचार न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने भुयारी रेल्वेतच केला. अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेत जीव वाचवणाऱ्या नॅलोक्सोनचाही केला. ज्यांच्यापर्यंत दवाखाना पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत डबा पोहोचतो. 'प्रिस्क्रिप्शनच्या औषधाचा कोणताही उल्लेख नको' असा ठराव केला, तर ही पत्रकेही उतरवावी लागतील. उलट, केवळ औषधाच्या नावावर बंदी घातली, तर निवडुंग जागच्या जागी राहील.

सीमारेषा नावापेक्षा व्यवहारावर ओढणे अधिक योग्य ठरेल. जाहिरातीवरचा क्यूआर कोड मोबाइलवर कुठे उघडतो, हा साधा निकष आहे. आरोग्य खात्याचे पत्रक कोणत्याही दवाखान्याकडे, कोणत्याही कंपनीच्या औषधाकडे नेते. विक्रेत्याचे पत्रक त्याच्या स्वतःच्या गल्ल्याकडे नेते. असा नियम न्यायालयात टिकेल का, ही शंका रास्त आहे. कारण मतदान केंद्रावरील राजकीय मजकुराच्या कपड्यांसंबंधीच्या मिनेसोटातील खटल्यात, २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नियमातला शब्द संदिग्ध आहे म्हणून तो रद्द केला होता. अधिकाऱ्याला अर्थ लावायला मोकळीक ठेवली, की डेमसारखा खटला पुन्हा उभा राहणार. 'चिठ्ठीवरच्या औषधाच्या विक्रीतून ज्याला उत्पन्न मिळते, त्याची जाहिरात घेतली जाणार नाही' या वाक्यात मोकळीक फार थोडी आहे.

मुंबईत कायदा आहे

भारतात हा प्रश्न सुटलेला आहे, असे कायद्याची पुस्तके सांगतात. औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४चा आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ रोग व अवस्था असून त्यांवर उपाय म्हणून कोणत्याही औषधाची जाहिरात जनतेत करता येत नाही. मधुमेह, कर्करोग, लैंगिक दुर्बलता त्यात आहेत. आणि आजच्या घडीला विशेष म्हणजे लठ्ठपणाही आहे. या कायद्याला 'हमदर्द दवाखाना'ने आव्हान दिले, तेव्हा १९६०च्या सुमाराच्या गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी खोडल्या, पण कायदा राखला. अशी जाहिरात हा व्यापाराचा भाग आहे, विचारस्वातंत्र्याचा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. १९९५च्या 'टाटा प्रेस' खटल्यात व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तीचे संरक्षण मिळाले. तरी औषधांचा हा कायदा तसाच राहिला. २०१५ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती होऊन अनुसूची एच, एच-१ आणि एक्समधील औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करण्यास उत्पादकांना मनाई झाली.

असे असताना लोकलच्या डब्यात काय दिसते, हे मुंबईकराला सांगण्याची गरज नाही. दाराच्या वरच्या पत्र्यावर, पंख्याच्या खाली, खिडकीच्या चौकटीवर हातभर अंतराने चिकटवलेली चिटोरी : गुप्तरोग, मूळव्याध, संतानप्राप्ती, वशीकरण आणि एक मोबाइल क्रमांक. १९५४चा कायदा ज्यांच्यासाठी केला गेला ते नेमके हेच. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने, पुढच्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. शिक्षा पाच वर्षे आणि दंड ५० लाख रुपयांपर्यंत वाढवून रोगांची यादी ७८ वर नेणारा मसुदा केंद्राने २०२० मध्ये जाहीर केला होता. चिटोऱ्यांच्या मालकांनी तो वाचला असण्याची शक्यता कमीच.

पण चिटोऱ्यांकडे बोट दाखवताना चकचकीत फलकांकडे दुर्लक्ष होते. 'मौन्जारो' मार्च २०२५ मध्ये आणि 'वेगोव्ही' जून २०२५ मध्ये भारतात आले. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच असल्याने देशी कंपन्यांनी कितीतरी आधीपासून कंबर कसली होती. यातल्या कोणालाही औषधाचे नाव फलकावर लिहिता येत नाही. लठ्ठपणा हा आजार आहे, तो इच्छाशक्तीच्या अभावाचा दोष नाही, डॉक्टरांना भेटा, एवढे मात्र लिहिता येते. नागीण या आजारावरची लस २०२३ मध्ये भारतात आली आणि त्या आजाराविषयीची जनजागृती एकाएकी वाढली, हे वृत्तपत्रांच्या वाचकांना आठवत असेल. जागृती खोटी नव्हती. नागीण वेदनादायकच असते आणि लठ्ठपणाही आजारच आहे. मात्र बाजारात एका आजारावर एक-दोनच नवी औषधे असतात, तेव्हा आजाराचे नाव आणि औषधाचे नाव यांत फरक किती उरतो? २००५च्या त्या प्रयोगात नाव न घेणाऱ्या रुग्णांसमोर अनेक औषधांचा पर्याय होता.

अशा फलकाविषयी मुंबईतल्या प्रवाशाला तक्रार करायची झाली, तर जागेचा करार रेल्वे, मेट्रो किंवा बेस्ट यांच्याकडे असतो. बेकायदा चिटोरी चिकटवली असेल, तर ती काढण्याचे काम रेल्वेचे. मजकुराचा कायदा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि अनुसूची एचच्या औषधाच्या जाहिरातीची परवानगी दिल्लीत. नाव नसलेल्या जाहिरातीची दखल, घेतलीच तर, जाहिरात उद्योगाने १९८५ मध्ये स्वतःच स्थापन केलेल्या परिषदेने घ्यायची. एमटीएच्या संचालक मंडळाला जो ठराव एका बैठकीत करता येतो, त्यासारखी एक ओळ बेस्ट किंवा मेट्रोला जाहिरातीच्या पुढच्या निविदेत घालता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेच्या अटी ठरवणाऱ्या विभागात औषधांचा कायदा माहीत असलेला एखादा अधिकारी मात्र लागेल.